ओढणारे हात : आपले स्नायू, त्यांचे कार्य आणि त्यांच्या दुखापती

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्त्यांची भाषणे होत असतात. त्या मालिकेत यंदा मजसारख्या एका निवृत्त शाळामास्तराची योजना करण्यात आली, हा मंडळाचा लोभ होय; त्यात माझी योग्यता काही नाही. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेला, वैद्यकाचे शिक्षण न घेतलेला मनुष्य आहे. सर्व हयात मुलांना शास्त्र आणि गणित शिकविण्यात गेली. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते वैद्याच्या अधिकाराने नव्हे, तर एका शिक्षकाच्या आणि एका सुताराच्या मुलाच्या नात्याने सांगणार आहे, एवढे प्रथमच नमूद करतो.

विषय निवडताना मनात विचार आला की, आपल्या ज्ञातीचे खरे भांडवल कोणते? कोणाकडे शेती असेल, कोणाकडे दुकान असेल. परंतु पिढ्यान् पिढ्या आपली घरे ज्यावर उभी राहिली ते भांडवल म्हणजे आपले हात. रंधा, करवत, वाकस आणि पटाशी ही हत्यारे बाजारात मिळतात. ती चालविणारा हात बाजारात मिळत नाही. हत्याराला आपण धार लावतो, तेल देतो, पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून जपतो. पण ज्या स्नायूंच्या बळावर ते हत्यार चालते त्यांची माहिती किती जणांस असते? ही माहिती नसल्यामुळे माझ्या स्वतःच्या घरात काय घडले, तेही मी यथावकाश सांगणार आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. ज्याला आपण व्यवहारात 'मांस' म्हणतो, तेच शास्त्राच्या भाषेत स्नायू. आपल्या प्राचीन सुश्रुतसंहितेत मांसाच्या या घटकांस 'पेशी' असे नाव असून त्यांची संख्या ५०० सांगितली आहे : हातापायांत ४००, धडात ६६ आणि मानेपासून वर ३४. त्या ग्रंथातील 'स्नायू' हा शब्द मात्र बांधणाऱ्या दोरांस, म्हणजे निराळ्या अवयवांस लावलेला असून त्यांची संख्या ९०० दिली आहे. आज मराठीत स्नायू म्हणजे मांसपेशी असाच अर्थ रूढ झाला आहे, आणि मीही त्याच अर्थाने तो योजणार आहे.

आधुनिक शरीरशास्त्राप्रमाणे स्नायू तीन जातींचे आहेत. हृदयाचा स्नायू ही एक जात. तो जन्मभर विसावा न घेता चालतो. आतडी, रक्तवाहिन्या इत्यादींच्या भिंतींतील स्नायू ही दुसरी. तेही आपल्या हुकमाची वाट पाहत नाहीत. तिसरी जात हाडांना जोडलेल्या स्नायूंची. हे आपल्या इच्छेने हालतात, म्हणून त्यांस ऐच्छिक स्नायू म्हणतात. त्यांची संख्या ६०० हून अधिक असून प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचाच असतो. स्त्रियांत हे प्रमाण काहीसे कमी असते. बैठकीचा स्नायू आकाराने सर्वांत मोठा, तर कानाच्या आतील एक स्नायू सर्वांत लहान. सर्वांत लांब स्नायू मांडीवरून तिरपा उतरतो, आणि त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ 'शिंप्याचा स्नायू' असा आहे. कारण मांडी घालून बसताना तो कामी येतो. सुताराच्या नावाचा स्नायू मात्र मला कोठे आढळला नाही. बहुधा सुतार सर्वच स्नायू वापरतो म्हणून त्याची वेगळी नोंद झाली नसावी!

असो. आता मुख्य मुद्द्याकडे वळतो.

माझे वडील लाकूड कापण्याच्या कामावर जात. मोठा ओंडका कापण्यास दोघांनी ओढावयाची करवत असे. लहानपणी मला तिच्या एका टोकाशी उभे केले, तेव्हा उत्साहाच्या भरात मी करवत ओढूही लागलो आणि परत ढकलूही लागलो. वडील म्हणाले, "अरे, ढकलू नकोस. ढकललीस तर पाते वाकेल. तू फक्त ओढ, आणि माझी पाळी आली की हात सैल सोड." पुढे शाळेत शरीरशास्त्राचा धडा शिकविताना मला नेहमी या वाक्याची आठवण होई, कारण स्नायूंचा मूळ नियम नेमका हाच आहे. स्नायू फक्त ओढू शकतो. ढकलू शकत नाही. तो आखडतो, लांबीने कमी होतो, आणि आपल्या टोकाशी असलेले हाड आपल्याकडे ओढतो. दुसरी शक्ती त्याच्यापाशी नाही.

मग हात वाकतो तसा सरळ कसा होतो? त्याचे उत्तर त्याच करवतीत आहे. शरीरात स्नायूंच्या जोड्या आहेत. मुले दंडाची बेटकुळी काढून दाखवितात, तो दंडाच्या पुढच्या बाजूचा द्विशिरस्क स्नायू. तो आखडला की कोपर वाकते. दंडाच्या मागे त्रिशिरस्क स्नायू आहे. तो आखडला की कोपर सरळ होते. एक ओढतो तेव्हा दुसऱ्याने सैल सोडावयाचे, हा त्यांचा करार. आपण भिंत ढकलतो असे आपणास वाटते, पण त्या वेळीही आत कोणता ना कोणता स्नायू ओढतच असतो. दोघेही एकाच वेळी ओढू लागले तर हात जागीच ताठ राहतो. नवशिक्या पोराच्या हाती प्रथम पटाशी दिली की त्याचा हात लगेच थकतो, याचे एक कारण हेच. त्याला अजून सैल सोडणे आलेले नसते. कसबी कारागिराचा हात हलका चालतो याचे रहस्य बरेचसे या सोडण्यातच आहे.

स्नायू थेट हाडाला चिकटत नाही. त्याच्या टोकाशी चिवट, पांढरा दोर असतो, त्याला कंडरा म्हणतात. टाचेच्या वर जी जाड दोरी हाताला लागते ती पोटरीच्या स्नायूंची कंडरा. हाडाला हाड बांधणारे पट्टे निराळे, ते अस्थिबंध. पाय मुरगळतो तेव्हा बहुधा अस्थिबंध ताणलेला असतो, आणि लचक भरते तेव्हा बहुधा स्नायू किंवा कंडरा. उपचाराच्या दृष्टीने हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता तरफेचा हिशेब पाहू. पहारेखाली दगडाचा टेकू ठेवून आपण ओंडका उचकटतो, तेव्हा हात टेकूपासून दूर धरतो आणि थोड्या बळाने मोठा भार उचलतो. शरीरातील बहुतेक तरफा याच्या उलट रचलेल्या आहेत. कोपर हा टेकू. द्विशिरस्क स्नायू त्याच्यापासून सुमारे ५ सेंटीमीटरवर जोडलेला, आणि तळहातावरील वजन सुमारे ३५ सेंटीमीटरवर. म्हणजे तळहातावर ५ किलोचे वजन तोलून कोपर काटकोनात धरले, तर स्नायूला सुमारे ३५ किलोइतके ओढावे लागते. हाताचे स्वतःचे वजन वेगळेच. हा सौदा वरवर तोट्याचा दिसतो. पण त्याच्या बदल्यात स्नायू १ सेंटीमीटर आखडला की तळहात ७ सेंटीमीटर हालतो. निसर्गाने बळ खर्च करून वेग आणि पल्ला विकत घेतला. हातोडीचा फटका जोरकस बसतो तो यामुळेच. मात्र यातून एक धडाही निघतो. वजन शरीरापासून जितके दूर धरावे, तितका स्नायूंवरील ताण वाढतो. दरवाजाची चौकट हात लांब करून, कमरेतून वाकून उचलणारा मनुष्य कमरेच्या स्नायूंवर चौकटीच्या कित्येक पटींनी भार घालीत असतो. तीच चौकट पोटाशी धरून गुडघ्यांतून उठावे, म्हणजे भार तोच आणि ताण कितीतरी कमी.

स्नायू आखडतो म्हणजे आत काय होते, याचा उलगडा फार उशिरा झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श करून तो झटकताना पाहिला. पण आतील यंत्र उमगण्यास १९५४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचे परस्परांशी नाते नव्हते. निष्कर्ष मात्र एकच होता. स्नायूच्या तंतूंत जाड आणि बारीक अशा धाग्यांच्या ओळी एकमेकींत शिरलेल्या असतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सैल गुंतवावी आणि मग आत सरकवावी, तसे हे धागे सरकतात. धागा स्वतः आखूड होत नाही. त्यांचे एकमेकांवरील सरकणे म्हणजेच स्नायूचे आखडणे. जाड धाग्याला सूक्ष्म आकडे असतात. ते बारीक धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा धरतात. विहिरीतून दोर ओढताना आपण एका हाताने धरून दुसरा हात पुढे टाकतो, त्यातलाच हा प्रकार.

मज्जातंतूकडून आज्ञा आली की तंतूच्या आत साठविलेले कॅल्शियम मोकळे होते आणि आकड्यांना धरण्यास वाट मिळते. यातील एक गोष्ट मला फार बोधप्रद वाटते. आकड्याला ओढण्यासाठी जशी शक्ती लागते, तशीच धरलेला धागा सोडण्यासाठीही लागते. मृत्यूनंतर काही तासांनी देह ताठर होतो, याचे कारण ती शक्ती संपलेली असते आणि आकडे सोडू शकत नाहीत. म्हणजे सैल पडणे हेही जिवंतपणाचेच लक्षण आहे.

स्नायूंचे काम तीन प्रकारांनी होते. वजन उचलताना स्नायू आखडत ओढतो. वजन एका जागी तोलून धरताना त्याची लांबी तीच राहते. आणि वजन हळूहळू खाली ठेवताना तो ओढत असतानाच लांबत जातो. हा तिसरा प्रकार दम कमी लावतो, पण तंतूंना इजा सर्वाधिक करतो. गड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्या चढल्यामुळे तितक्या नव्हे, जितक्या उतरल्यामुळे. कपाट उचलताना सावध असणारा गडी ते खाली ठेवताना गाफील राहतो आणि तेथेच लचक भरते, हा अनुभव आपणांपैकी अनेकांस असेल.

आता दुखापतींकडे येतो. त्यांची नावे आपल्या घराघरांत आहेत. मी फक्त त्यांचा अर्थ सांगतो.

पहिली साधी अंगदुखी. बऱ्याच दिवसांनी श्रम केले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग मोडून येते. त्याचा दोष पूर्वी लॅक्टिक आम्लास देत. मीही वर्गात तसेच शिकविले. ते चूक होते. ते आम्ल श्रमानंतर तासाभरातच बहुतांशी निघून जाते. दुखते ते तंतूंना पडलेल्या सूक्ष्म भेगांमुळे आणि त्यांच्या दुरुस्तीमुळे. हे दुखणे आपोआप जाते. हलके चालणे-फिरणे चालू ठेवावे.

दुसरा पेटका. कोणी त्याला गोळा म्हणतात, कोणी वांब. रात्री पोटरी एकाएकी दगडासारखी होते. अशा वेळी गुडघा सरळ करून पायाची बोटे आपल्याकडे ओढावीत. आखडलेला स्नायू ताणला की पेटका बहुधा सुटतो.

तिसरी लचक, म्हणजे तंतू तुटणे. वैद्यकात तिच्या तीन पायऱ्या मानतात. थोडे तंतू तुटले ती पहिली, पुष्कळ तुटले ती दुसरी, आणि स्नायू वा कंडरा पूर्ण तुटली ती तिसरी. मांडीच्या मागच्या बाजूचे स्नायू नितंब आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातात, म्हणून धावणाऱ्यांत ते वारंवार दुखावतात.

चौथे, हातोडी चालविणाऱ्यांचे कोपर. इंग्रजीत याला टेनिसवरून नाव पडले असले, तरी या दुखण्याच्या बहुतेक रोग्यांनी टेनिसची रॅकेट हाती धरलेली नसते. स्क्रू पिळणे, हातोडी मारणे, ओले कपडे पिळणे अशा कामांनी कोपराच्या बाहेरील कडेची कंडरा झिजते. म्हणजे हे दुखणे सुताराला होते, तसेच त्याच्या घरातील माउलीलाही होते. फरक एवढाच की तो बोलून दाखवितो आणि ती बोलत नाही.

पाचवा मुका मार. आणि येथे मला माझ्या घरची हकिगत सांगावयाची आहे.

१९८३ सालची गोष्ट. माझा धाकटा भाऊ तेव्हा अठरा वर्षांचा होता. गावच्या जत्रेत कबड्डीच्या सामन्यात समोरच्या गड्याचा गुडघा त्याच्या मांडीवर जोराने बसला. हाड मोडले नाही, जखम नाही, रक्त नाही. सर्वांना हायसे वाटले. मी नुकताच शिक्षक झालो होतो. फळ्यावर दंडाच्या स्नायूंची आकृती काढून दाखविण्यात माझा हातखंडा होता. त्याच रात्री मी स्वतः तेल कोमट करून त्याची मांडी चोळली. दुसऱ्या दिवशी सूज वाढली; मी अधिक जोराने चोळली. गुडघा वाकत नव्हता, तर रग जिरावी म्हणून मी आणि आमच्या एका शेजाऱ्याने तो धरून वाकविला. पोर ओरडत होते आणि मी त्याला म्हणत होतो, "थोडे सोस, यातच तुझे बरे आहे." असे आठ-दहा दिवस चालले.

महिन्याभराने मांडीत लाकडासारखी कठीण गाठ हाताला लागू लागली. तालुक्याच्या गावी क्ष-किरण छायाचित्र काढले, तेव्हा डॉक्टरांनी दाखविले की, स्नायूच्या आत हाड तयार होऊ लागले आहे. त्यांनी समजावून सांगितले की, जोराच्या मुक्या माराने स्नायूच्या आत रक्त साठते. ते शांतपणे जिरू दिले तर बहुधा काही बिघडत नाही. पण ताज्या मारावर चोळले, शेकले, जोराने ताण दिला, तर रक्तस्राव वाढतो आणि त्या जागी हाडाचा थर धरण्याचा धोका वाढतो. मी विचारले, "मग हे माझ्यामुळे झाले काय?" ते भले गृहस्थ म्हणाले, "केवळ त्यामुळेच, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण जे केलेत ते करावयास नको होते."

त्या वेळी आपल्याकडे जमिनीवर बसून, पायांनी लाकूड धरून काम करण्याची पद्धत होती. माझ्या भावाला जवळजवळ वर्षभर उकिडवे बसता आले नाही. ऐन उमेदीचे वर्ष गेले. पुढे गाठ बरीचशी जिरली, हळूहळू व्यायामाने गुडघा वाकू लागला, आणि उभ्याने मेजावर काम करण्यास शिकून त्याने आपला संसार उत्तम केला. तो आज या सभेत मागच्या रांगेत बसला आहे, आणि त्याच्या संमतीनेच मी हे सांगत आहे. त्याने मला कधी बोल लावला नाही. पण शाळेत शिकविलेला स्नायू आणि घरातील भावाची मांडी ही एकच वस्तू आहे, हे ज्या शिक्षकाच्या लक्षात आले नाही, त्याने स्वतःला बोल लावला तर ते योग्यच होय.

तेव्हा बंधू-भगिनींनो, ताज्या दुखापतीला काय करावे ते कृपा करून लक्षात ठेवा. पहिले दोन-तीन दिवस त्या भागाला आराम द्यावा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. त्याने वेदना कमी होतात. लवचीक पट्टी बांधावी, पण बोटे बधिर होतील इतकी घट्ट नव्हे. पाय उशीवर उंच ठेवावा. शेक नको, मालीश नको, मद्य नको. त्यानंतर मात्र पडून राहू नये. दुखणार नाही इतपत हालचाल सुरू करून ती रोज थोडी वाढवावी. नवे तंतू हालचालीच्या दिशेने नीट जुळतात. मालीशीला माझा विरोध नाही. थकलेल्या अंगाला तेल लावून घेण्याचे सुख मी जाणतो. पण थकवा निराळा आणि दुखापत निराळी.

काही लक्षणे दिसताच घरगुती उपाय बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावे. दुखापतीच्या वेळी 'फट' असा आवाज येऊन पायावर उभेच राहता न येणे. सूज आणि वेदना तासागणिक वाढून भाग बधिर पडणे. मार लागला नसता एकच पोटरी सुजून दुखणे, कारण तेथे रक्ताची गाठ असू शकते आणि ती चोळणे घातक ठरते. अतिश्रमानंतर लघवी चहाच्या काळ्या पाण्यासारखी होणे. व्यायामशाळेत नव्याने जाणाऱ्या आणि पहिल्याच आठवड्यात सर्व शक्ती खर्च करणाऱ्या तरुणांनी हे शेवटचे लक्षण विशेष ध्यानात ठेवावे. आणि छातीत दडपण, घाम, डाव्या हातात कळ अशी लक्षणे असता 'स्नायू अवघडला असेल' असे म्हणून घरी बसू नये. ते दुखणे हृदयाचे असू शकते.

आता उसण भरण्याविषयी. कमरेत उसण भरली की पायाळू मनुष्याकडून पाठीला पाय लाववून घेण्याची चाल आपल्याकडे आहे. हलका पाय लावला तर अपाय नाही, आणि गुणही आला असे वाटते. कारण साधी उसण काही दिवसांत बहुधा आपोआपच सुटते. पण जोराची लाथ बसली तर नसती आफत ओढवेल. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे आठवडेच्या आठवडे अंथरूण धरणे. १९८६ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखीच्या काही रोग्यांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगितली. गुण दोन्ही गटांस सारखाच आला. दोन दिवसवाले मात्र कामावर लवकर रुजू झाले. कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडू लागला, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा लघवीवरील ताबा गेला, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

शेवटचा मुद्दा माझ्या वयाच्या मंडळींसाठी. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचा सुमारे ३ ते ८ टक्के भाग कमी होत जातो आणि साठीनंतर ही घट अधिक वेगाने होते. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागू लागला की समजावे, मांडीचे स्नायू रजा मागत आहेत. पुढे पाय अडखळतो, मनुष्य पडतो, खुब्याचे हाड मोडते, आणि हिंडता-फिरता वृद्ध खाटेला खिळतो. आपण म्हणतो, हाड मोडले म्हणून तो बसला; पुष्कळदा त्याचे स्नायू आधीच बसलेले असतात.

पण येथेच आशेची गोष्ट आहे. १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम, देखरेखीखाली, करून घेतला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक झाली. स्नायू हा शरीरातील असा सेवक आहे की, त्याला काम सांगणारा भेटला तर तो नव्वदीतही कामावर येतो.

यासाठी मोठी साधने नकोत. रोज दहा वेळा खुर्चीतून हात न लावता उठावे आणि सावकाश बसावे. सावकाश बसण्यातच अर्धा लाभ आहे. भिंतीला हात लावून दहा वेळा टाचा उचलाव्यात. ज्यांना झेपतात त्यांनी सूर्यनमस्कार घालावेत. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि ताटात डाळी, उसळी, दूध-दही, चालत असल्यास अंडी-मासळी ही असावीत. कारण विटांवाचून दुरुस्ती होत नाही. भगिनींना एक विनंती. घरातील सर्वांना वाढून झाल्यावर उरलेली आमटी आपल्या ताटात घेण्याची रीत सोडून द्या. तुमचेही स्नायू त्याच मातीचे आहेत.

आज आपली पुष्कळ मुले संगणकापुढे बसून उपजीविका करतात. त्यांच्या हाती करवत नाही, याचे मला दुःख नाही. शिक्षणाचा तो मार्गच आहे. पण आठ तास मान वाकवून बसणाऱ्या मुलाची मान अवघडते, तेव्हा त्यालाही हाच नियम लागू असतो. जो स्नायू सतत ओढतच राहतो आणि ज्याला सोडण्याची उसंत मिळत नाही, तो दुखणारच. अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, चार पावले चालावे, खांदे फिरवावेत.

संस्थेस माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या क्रीडामहोत्सवात आपण विजेत्यांना चषक देतो. ते अवश्य द्यावेत. पण त्याच मैदानावर बर्फाची पेटी, लवचीक पट्ट्या आणि प्रथमोपचार जाणणारा एक मनुष्य एवढी व्यवस्था यंदापासून व्हावी. तिच्यासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून होईल तेवढा वाटा मी आनंदाने उचलीन. १९८३ साली त्या जत्रेच्या मैदानावर असा एक मनुष्य असता, तर त्याने माझा तेलाचा हात धरला असता.

वडिलांनी सांगितले होते, "ओढ, आणि पाळी आली की सोड." लाकूड कापण्यापुरते ते वाक्य होते असे मला पुष्कळ वर्षे वाटत राहिले. आज वाटते, शरीराचा सारा कारभार त्यात आला आहे, आणि एका ज्ञातीने एकत्र राहून चालविण्याच्या संसाराचाही बराचसा आला आहे.